अलुनिक मेंढ्याच्या शिकारीला कुठं जायची

एनॉक आपल्या तेरा वर्षांच्या मुलीला जन्मापासून 'आई' अशीच हाक मारत आला होता. त्याची आई अलुनिक ज्या हिवाळ्यात गेली, त्याच्या पुढच्याच वसंतात ही पोर जन्मली आणि तिला तेच नाव ठेवलं. नाव ठेवलं म्हणजे माणूस परत आलं, यात गावात कुणाला काही नवल वाटत नसे. शाळेच्या हजेरीपटावर ती मार्लिन होती. बाकी सगळीकडे अलुनिक.

एनॉक बावन्न वर्षांचा होता. गुडघे कामातून गेलेले. अलास्काच्या उत्तरेकडच्या डोंगरांतल्या खिंडीत वसलेल्या त्या गावाला रस्ता नाही, यायचं-जायचं ते विमानानं. त्या धावपट्टीची खडी सारखी करणारा, बर्फ ढकलणारा पिवळा ग्रेडर एनॉक चालवायचा. असा हा दांडगा गडी भर दुकानात मुलीला म्हणायचा, "आई, मला ती बिस्किटं घेऊ दे ना." आणि ती कमरेवर हात ठेवून म्हणायची, "मागच्या आठवड्यातली संपवलीस का, पोरा?" दुकानातल्या म्हाताऱ्या हसून डोळे पुसायच्या. मूळ अलुनिक अगदी अश्शीच बोलायची, म्हणायच्या.

त्या वर्षी ऑगस्ट संपत आला तरी हरणं आली नाहीत. कॅरिबू हरणांचे कळप उत्तरेकडून खिंडीत उतरतात, तो गावाचा सुगीचा काळ. पण कळपांनी वाट बदलली होती. सकाळी घराघरांतल्या, एकमेकांशी बोलायच्या रेडिओवर एकच विचारणा चालायची, "उत्तरेला काही दिसलं का रे कुणाला?" आणि उत्तर यायचं, "वारा दिसला." फ्रीझरच्या तळाशी पोचलेली घरं आता डोंगराकडं बघू लागली होती. हरीण नाही तर रानमेंढा. तिथं पहिल्यापासून असंच चालत आलंय.

एका संध्याकाळी वाळल्या मांसाचं शेवटचं कालवण पुढ्यात घेऊन एनॉक बसला होता. त्यानं मुलीकडं बघून नेहमीची थट्टा केली.

"आई, हरणं यायची नाहीत तेव्हा तू मेंढ्याला कुठं जायचीस, ते आता तरी सांगून टाक की."

दर वर्षी तो हे विचारायचा आणि दर वर्षी ती डोळे फिरवायची. या वेळी तिनं चमचा खाली ठेवला.

"मला पहिल्यापासून सगळं सांग."

"काय सगळं?"

"ती जायची कशी, यायची कशी. सगळं. नुसतं विचारतोस, सांगत काहीच नाहीस."

एनॉकची बायको नोरीन चुलीपाशी चार पोरांतल्या धाकट्याला भरवत होती. ती म्हणाली, "सांग एकदा. चौदा वर्षं मीही अर्धीच गोष्ट ऐकतेय."

मग त्यानं सांगितलं. तो नऊ वर्षांचा होता, भावंडांत थोरला. पाठची पाच, पुढं आणखी तीन झाली. बाप समुद्रकाठी रडारच्या तळावर बांधकामाला गेला की चार-चार महिने घरी यायचा नाही. ज्या वर्षी हरणं चुकायची, त्या वर्षी आई एका सकाळी जुनी बंदूक पाठीला लावायची, मेजर नावाच्या कुत्र्याच्या पाठीवर दोन रिकाम्या झोळ्या बांधायची आणि नदीच्या कडेकडेनं उत्तरेला चालू लागायची. तान्हं मूल असलं तर ते मैत्रिणीच्या, हेस्टरच्या ओटीत टाकायची. बाकीची पोरं एनॉकच्या जिवावर. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ती परत यायची. कुत्र्याच्या झोळ्यांत मांस, तिच्या पाठीवर मांस. कुठं मिळालं विचारलं तर म्हणायची, "डोंगरात."

"आणि तो मेंढा असा असायचा," एनॉक दोन बोटं आडवी धरून म्हणाला, "पाठीवर एवढी चरबी. मी आजवर इतके मेंढे आणले, पण माझ्या मेंढ्यांना कायम एकच बोट."

तो चारशे कोसांवरच्या वसतिगृहाच्या शाळेतून अठराव्या वर्षी परत आला तेव्हापासून ती जागा शोधत होता. खोटं कशाला, आधी त्यानं आईलाच विचारलं. ती म्हणाली, "पाय आहेत ना तुला?" मग पायांनी शोधली. उत्तरेची एकही घळ त्यानं सोडली नव्हती. गुडघे त्यातच गेले.

मुलगी ऐकत होती. मग तिनं विचारलं, "मेजर दमलेला असायचा का?"

"कोण?"

"कुत्रा. परत यायचा तेव्हा."

एनॉकनं आठवून बघितलं. त्याला मेजर दिसला. झोळ्या सोडल्या-सोडल्या अंगणभर उड्या मारणारा, पोरांना पाडणारा मेजर.

"नाही," तो सावकाश म्हणाला. "उलट माजलेला असायचा."

"म्हणजे लांब गेलेला नसायचा. चालला कमी आणि खाल्लं जास्त. पायाला चिखल?"

"चिखल असणारच की, आई. कुत्र्याचे पाय ते."

"रंग कसला?"

नोरीननं भरवायचं थांबवलं. एनॉकनं डोळे मिटले. मेजरचे पाय पांढरे होते. पांढऱ्या पायांवर गुडघ्यापर्यंत तांबडं. धाकटी बहीण त्या पायांना हात लावून गालाला रंग लावायची.

"तांबडा," तो म्हणाला. "आयला! तांबडा होता."

उत्तरेच्या कुठल्याच घळीत तांबडा चिखल नव्हता. तिथला दगड काळा, माती करडी. हे एनॉकइतकं कुणालाच माहीत नव्हतं, आणि चौतीस वर्षांत त्याच्या डोक्यात हे आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मुलगी थेट हेस्टरकडं गेली. बरोबर एनॉकही. हेस्टर ऐंशीच्या पुढची, खिडकीशी बसून बुटांचे तळवे शिवत होती. पोरीला बघून तिचा चेहरा फुलला.

"आलीस का गं? बस. हल्ली फिरकत नाहीस मैत्रिणीकडं."

"शाळा असते गं, हेस्टर," मुलगी म्हणाली. "एक विचारायचंय. मी मेंढ्याला कुठं जायचे?"

म्हातारीनं सुई खाली ठेवली. तोंडावर हात धरला आणि खांदे हलेपर्यंत हसली. "मला विचारतेस? तूच तर शपथ घातली होतीस मला, कुणाला सांगायचं नाही म्हणून. तुझ्या मेलेल्या बापाची."

"मीच घातली ना?"

"हो तर."

"मग आता मीच सोडवते. सांग."

 एनॉकला वाटलं, पोरीनं जरा जास्तच केलं. पण म्हातारी विचारात पडली होती. ही पळवाट असेल हे तिच्या कधी ध्यानात आलं नव्हतं. मग ती म्हणाली, "अर्धी सोडव. अर्धी राहू दे. नदीनं खाली उत्तरेला जा, सगळ्या गावाला दिसेल अशी. मग पहिल्या वळणावर पाण्यातून पलीकडं हो आणि मागं फीर. तांबडं पाणी लागलं की वर चढ. धारेवर पोचलीस की पुढं बघू नकोस, मागं बघ."

"आणि?"

"आणि काय? बाकीचं तुझं तुला माहीत," असं म्हणून तिनं सुई उचलली. एनॉककडं बघून म्हणाली, "हा कशाला आलाय? याला नव्हतं सांगायचं."

शनिवारी सकाळी बापलेक चिखलातून नि पाण्यातूनही चालणाऱ्या आठचाकी गाडीतून निघाले. नदीकाठानं उत्तरेला, सगळ्या गावाच्या देखत. पहिल्या वळणावर एनॉकनं गाडी पाण्यात घातली, पलीकडं काढली आणि झुडपांच्या आडून पुन्हा दक्षिणेकडं वळवली. आपण चोरून काहीतरी करतोय असं त्याला वाटत होतं. बावन्नाव्या वर्षी आईच्या मागं लपतछपत चाललेलं पोर!

तासाभरात एक अरुंद घळ लागली. ती त्यानं हजारदा पाहिली होती. तोंडाशी दरड कोसळलेली, आत नुसता सैल दगड, मेंढ्यांना खायला काडी नाही. म्हणून कधी आत शिरला नव्हता. गाडी ठेवून दोघं दगडांवरून चढू लागले. अर्ध्या तासानं पुढं गेलेल्या मुलीनं न ओरडता नुसता हात वर केला. कपारीतून पाणी पाझरत होतं आणि खालचे सगळे दगड गंजल्यासारखे तांबडे झाले होते. एनॉकनं चिखलात बोट बुडवलं, बघितलं, आणि उगाचच गालाला लावलं.

"चल, पोरा," ती म्हणाली.

चढ वाईट होता. तीन पावलं चढावं तर एक पाऊल खाली घसरावं. एनॉकचे गुडघे कुरकुरत होते. दर दहा पावलांवर तो काठीवर रेलून दम खायचा आणि ती वरून त्याच्याकडं कौतुकानं बघायची. दुपारी ते धारेवर पोचले. पुढं सगळा मोकळा मुलूख, शिखरामागं शिखर. शिकाऱ्याची नजर आपोआप तिकडंच जाते. एनॉकचीही गेली. मुलीनं त्याची बाही ओढली.

"मागं बघ म्हणाली होती."

त्यांनी मागं बघितलं. ज्या सोंडेला वळसा घालून ते वर आले होते, तिच्या पाठीत एक बशीसारखी खोलगट जागा होती. खालून दिसणार नाही, घळीतून दिसणार नाही, विमानातूनही सावलीत बुडालेली. तिथं हिरवं गवत होतं, वितळत्या बर्फाचं पाणी होतं, आणि गवतात पाच पांढरे मेंढे पाय दुमडून बसले होते. शिंगांचे पिळदार वेढे उन्हात मधाच्या रंगाचे दिसत होते.

एनॉक पोटावर आडवा झाला.  आता आई कुठली नि लेक कुठली. आता कामाला सुरुवात झाली होती.

"वारा?" त्यानं कुजबुजत विचारलं.

तिनं गवताची काडी सोडली. "तोंडावर येतोय."

"मेंढ्याला भीती खालची वाटते, वरची नाही. वरून जायचं. दगड हलला तर तिथंच मर, हलू नकोस. कुठला घेशील?"

ती दुर्बिणीतून बराच वेळ बघत राहिली. "कडेचा. त्याची पाठ सपाट आहे टेबलासारखी. बाकीच्यांची नाही."

एनॉकनं दुर्बीण घेतली. चरबीनं सपाट झालेली पाठ. हे तिला त्यानं शिकवलेलं नव्हतं. 

दीडशे पावलांचं अंतर कापायला त्यांना तास लागला. शेवटच्या दगडामागं तिनं बंदूक टेकवली. दहाव्या वर्षापासून ती हरणं मारत होती, मेंढा हा पहिलाच.  मेंढा उठला, अंग ताणलं, कडेनं उभा राहिला. गोळी सुटली. मेंढा दोन पावलं चालला आणि बसतो तसा खाली बसला. बाकीचे चार दगडांवरून पाण्यासारखे वर निघून गेले.

मुलीनं बंदूक खाली ठेवली आणि हात मांडीखाली दाबून धरले. 

"बरोबर लागली," एनॉक म्हणाला.

"कळलं मला," ती म्हणाली, आणि मग तिला थोडं रडू आलं, तेही लगेच थांबलं.

शिकारीला तहानलेलं पाठवायचं नाही या रिवाजानं मेंढ्याच्या तोंडात पाणी घालून त्यांनी सुऱ्या काढल्या. पाठीवरचं कातडं उलटलं तेव्हा एनॉकनं बोटं आडवी धरली. दोन. पुरती दोन बोटं.

मांस सुटं करून होईपर्यंत ऊन कलतं झालं. गुडघ्यांना जरा आराम द्यावा म्हणून तो टेकायला जागा शोधू लागला. बशीच्या खालच्या कडेला एक मोठा खडक पुढं झुकला होता. त्याच्या पोटाशी कुणीतरी दगड बाजूला करून माणूसभर लांबीची जागा सपाट केलेली होती, वर शेवाळ वाढलेलं. आणि खडकाच्या आत, पाऊस पोचणार नाही अशा जागी, पत्र्याच्या डब्यांची उतरंड रचलेली होती.

मुलीनं एक डबा काढला. सुरीनं फुली मारून उघडलेला. कागद अजून चिकटून होता. त्यावर उडालेल्या रंगात अर्धं कापलेलं पिवळं फळ.

"पीच," ती म्हणाली. "बाबा, हे पीचचे डबे आहेत. अकरा." मग तिला प्रश्न पडला. "अकरा खेपांना एकेक, की एकदाच अकरा?"

एनॉकनं तो डबा हातात घेतला. पायलट ख्रिसमसला पीच आणायचा. सहा पोरांत एक डबा. प्रत्येकाला एक फाक, आणि पाक एकेक चमचा. आई म्हणायची, मला आवडत नाही, तुम्ही खा.

ही जागा गावापासून चार तासांवर होती. मेंढा मारायला एक दुपार. मग उरलेले दोन दिवस?

"ती झोपायची इथं," तो म्हणाला. "मेंढा मारायची आणि झोपायची. पीच खायची आणि झोपायची."

"तुम्ही किती जण होतात?"

"ते सोड!" त्याचा आवाज एकदम चढला. खडकानं तो परत केला. "मी नऊ वर्षांचा होतो. दोन-दोन रात्री दाराला पाठ लावून बसायचो. मला वाटायचं कड्यावरून पडली. लांडग्यांनी धरली. लहानग्यांना काय सांगायचं ते मी ठरवून ठेवलेलं असायचं, एकेकाला वेगवेगळं. आणि ही इथं!"

डबा त्यानं ठेवला नाही, टाकलाही नाही. तो तसाच उठला आणि मांसाच्या गाठोड्यांपाशी जाऊन दोर आवळत बसला, आवळलेला दोर पुन्हा सोडून पुन्हा आवळत. मुलगी त्याच्या मागं गेली नाही. सपाट जागेवर ती आडवी होऊन बघत होती: डोकं इकडं केलं तर काय दिसतं, तिकडं केलं तर काय. मग कुशीवर वळली आणि तशीच थांबली.

"बाबा," तिनं हाक मारली. पोरा नाही म्हणाली. "इथं ये. झोप इथं. असा, या कुशीवर."

तो आला. गुडघे मोडत आडवा झाला. खडकाच्या कडेखाली एक फट होती आणि त्या फटीतून थेट खाली खिंड दिसत होती. निळी-तांबडी छपरं, धावपट्टी, धावपट्टीच्या टोकाला त्याचा पिवळा ग्रेडर. पंचवीस वर्षं तो त्या यंत्रावर बसून या खडकाखाली ये-जा करत होता.

"जुनं घर कुठं होतं?" तिनं विचारलं.

"आता शाळेची टाकी आहे ना, तिथं. मातीचं. सहाच घरं होती तेव्हा."

"म्हणजे दिसत असणार."

"एवढं लांबून मातीचं घर कसं दिसेल? मातीत माती. दिसला तर धूर दिसे..."

तो बोलता बोलता थांबला. आई निघताना त्याला एकच गोष्ट बजावून जायची. भूक लागली तर काय करायचं, कुणी आजारी पडलं तर काय, यातलं काही नाही. धूर. "तीन दिवस चुलीतून धूर निघाला पाहिजे. दिवसाउजेडी. खंड पडता कामा नये." उन्हाळ्यात, ऊब नको असतानाही. तो चरफडत ओल्या काटक्या गोळा करायचा. ओली काटकी जास्त धूर देते हेही तिनंच सांगितलेलं. डोळे चुरचुरायचे, भावंडं खोकायची, आणि त्याला वाटायचं, ही बाई वेडी आहे.

एनॉकनं त्या फटीतून शाळेची टाकी शोधून काढली.

"किती लाकडं आणायला लावलीस गं मला," तो शेवटी म्हणाला.

"चांगला धूर केलास, पोरा," ती म्हणाली.

ती थट्टेनं म्हणाली की कसं, हे बघायला तो वळला. पण ती दुर्बीण डोळ्यांना लावून बसली होती आणि तिच्या तोंडावरून काही कळत नव्हतं.

ओझी घेऊन खाली उतरायला त्यांना चढण्यापेक्षा जास्त वेळ लागला. गावात शिरले तेव्हा आठ वाजले होते, उजेड भरपूर होता. गाडी घराशी पोचायच्या आत रेडिओ बोलू लागला होता, "एनॉक, कुठं मिळाला रे?" त्यानं रेडिओ हातात घेतला, मुलीकडं बघितलं.

"उत्तरेला," तो म्हणाला. "लांब."

कुठल्याही जनावराची पहिली शिकार घरात ठेवायची नसते. मुलीनं मांस परातीत घातलं आणि घरोघर निघाली. म्हातारे आधी, मग ज्यांच्या घरी बंदूक धरणारं कुणी नाही ते. सगळ्यांत चरबीदार फासळ्या तिनं हेस्टरला नेल्या. हेस्टरनं बोटानं चरबी दाबून बघितली, चव घेतली आणि डोळे मिटले.

"डबे आहेत अजून?"

"अकरा," मुलगी म्हणाली.

"बारावा माझ्याकडं आला. प्रत्येक खेपेला मला एक आणून देते म्हणायचीस, पोर सांभाळल्याबद्दल. एकदाच आणलास. लबाड कुठली!"

घरी परत आली तेव्हा परातीत एक तुकडा उरला नव्हता. त्या रात्री एनॉकच्या घरी बिस्किटं आणि चहाच होता, आणि नोरीननं सगळी गोष्ट दोनदा ऐकून घेतली. दुसऱ्यांदा ऐकताना तिनं फक्त दोनच गोष्टी विचारल्या: जागा कोरडी आहे का, आणि वारा लागतो का.

हरणं त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये आली, उशिरा, पण आली. पुढच्या वर्षी वेळेवर आली, मेंढ्याची कुणाला गरजच पडली नाही. तरी सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात एका सकाळी नोरीननं बंदूक पाठीला लावली आणि म्हणाली, मेंढ्याला जाऊन येते. तिनं आयुष्यात कधी मेंढा मारलेला नव्हता. एनॉकनं ग्रेडरवर रजा टाकली, धाकट्याला कडेवर घेतलं आणि तिला नदीच्या पहिल्या वळणापर्यंत सोडून आला. तीन दिवस त्यानं आणि अलुनिकनं घर चालवलं. भात दोनदा करपला, धाकट्याचे कपडे उलटे घातले गेले, आणि मधल्या दिवशी दुपारी शेजारी विचारायला आले की तुमच्या अंगणात एवढा धूर कसला होतोय.

तिसऱ्या संध्याकाळी नोरीन हात हलवत परत आली. मेंढा नव्हता. कुठं गेली होती असं कुणी विचारलं नाही. तिनं बूट काढले, टेबलाशी बसली आणि चार पोरांचा गोंगाट ऐकत सावकाश चहा प्याली.